एका पंगतीचा हिशेब : मधुमेह आणि आपले रोजचे ताट

या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांस शाळेचा इतिहास लिहिण्यास सुचविले होते. इतिहास शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याच्याकडून ती अपेक्षा स्वाभाविकच होय. परंतु इमारतीची पायाभरणी, देणगीदारांची नावे, निकालांची टक्केवारी हे सर्व या अंकात अन्यत्र येणारच आहे. आम्हांस ज्या खोलीचा इतिहास सांगावयाचा आहे ती खोली म्हणजे वसतिगृहाचे स्वयंपाकघर, आणि विषय आहे कर्बोदकांची मोजणी. विषय रुक्ष वाटेल हे आम्ही जाणतो. तथापि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात चहाचा ट्रे फिरू लागला की ‘बिनसाखरेचा आहे का?’ असे विचारत किती हात अडतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो परका वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिन्यात एक ऊसतोड कामगार माउली आपल्या मुलीस इयत्ता सहावीत घालण्यासाठी शाळेच्या कार्यालयात आली. एका हातात पत्र्याची ट्रंक आणि दुसऱ्या हातात बर्फ भरलेला थर्मास. थर्मासमध्ये इन्सुलिनच्या बाटल्या होत्या. आदल्या हंगामात कारखान्याच्या पट्ट्यात, कोपीवर असतानाच मुलीला सारखी तहान लागू लागली, रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठावे लागे, खाऊनही अंग झडत चालले, आणि एके दिवशी धाप लागून ती निपचित पडली. रुग्णालयात नेल्यावर कळले की तिला मधुमेह आहे. इतक्या लहान वयात? हा प्रश्न त्या माउलीला तोपर्यंत शंभर जणांनी विचारला असेल. दोन ठिकाणी प्रवेश नाकारला गेला होता. आमच्याकडेही तो सहज मिळाला असे सांगितले तर ते असत्य ठरेल. ‘मुलीला काही झाले तर जबाबदारी कोणाची?’ या एका वाक्याभोवती बैठक दीड तास चालली. अखेरीस प्रवेश मिळाला.

त्यानंतर आम्ही सर्वांनी, अगदी सद्हेतूने, एक चूक केली. मुलीसाठी वेगळे ताट केले. चूक होऊ नये म्हणून त्यावर तिचे नाव रंगाने लिहिले. अधीक्षकांच्या टेबलाजवळ तिची वेगळी जागा ठरली. तिला भात नाही, बटाटा नाही, केळे नाही, गोड तर नाहीच. दहाव्या की बाराव्या दिवशी तिने आम्हांस विचारले, “सर, माझंच ताट वेगळं का?”

या प्रश्नाचे वजन तिला जेवढे ठाऊक होते त्याहून आम्हांस कितीतरी अधिक ठाऊक होते. त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह शिकवून झाला होता. वेगळे भांडे, वेगळी जागा, वेगळी पंगत यांचा अर्थ काय होतो हे आपल्या घराघरांतील वृद्धांनी सोसले आहे. आणि आम्ही मात्र आजाराच्या नावाखाली तेच आपल्या शाळेत करून बसलो होतो. ते ताट त्याच दिवशी बंद झाले. पण ताट बंद केल्याने प्रश्न सुटत नव्हता. मुलीने सर्वांच्या पंगतीत बसून सर्वांचेच अन्न खावे आणि तरीही तिची साखर आटोक्यात राहावी, हे कसे साधावे? त्याचे उत्तर तिच्या डॉक्टरांनी दिले : वगळू नका, मोजा.

आता मोजायचे ते काय, हे समजून घेतले पाहिजे. आपल्या अन्नात कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ असे तीन मुख्य घटक असतात. पैकी रक्तातील साखर थेट आणि लवकर वाढविणारा घटक म्हणजे कर्बोदके. ज्वारी, गहू, तांदूळ यांतील पिष्ट असो, दुधातील शर्करा असो, फळातील असो की चहातील साखर असो, पचनानंतर त्यांचा बराचसा भाग ग्लुकोजच्या रूपाने रक्तात उतरतो. फरक पडतो तो वेगात. कोंड्यासह दळलेली ज्वारी सावकाश उतरते, सरबत धावत येते. रक्तातील हे ग्लुकोज पेशींच्या आत जाण्यासाठी इन्सुलिन लागते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड प्रत्येक घासाचा हिशेब ठेवून तेवढेच इन्सुलिन सोडते. या मुलीच्या शरीरात, स्वतःच्याच रोगप्रतिकारक यंत्रणेने इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट केल्या होत्या. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह. तो गोड खाल्ल्याने होत नाही, आईबापांच्या हलगर्जीपणाने होत नाही, आणि इन्सुलिनखेरीज त्यात जगता येत नाही. आपल्या वयस्कर मंडळींत आढळतो तो बहुधा दुसऱ्या प्रकारचा. त्यात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि पुढेपुढे ते अपुरेही पडते. दोन्ही आजारांना एकच नाव असल्यामुळे गावात फार गोंधळ होतो. ‘अमक्याने कारल्याचा रस पिऊन गोळ्या सोडल्या’ ही गोष्ट ऐकून या मुलीचे इन्सुलिन बंद करण्याचा सल्ला तिच्या आईला एकाने दिला होता. आईने तो ऐकला नाही म्हणून मुलगी वाचली. पहिल्या प्रकारात इन्सुलिन थांबविणे म्हणजे काही दिवसांत जिवावर बेतणे होय. ताप आला, जेवण गेले नाही, तरीही ते पूर्णपणे बंद करावयाचे नसते.

इतिहासाच्या शिक्षकाला येथे थोडे थांबू द्यावे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अशा मुलांना उपाय नव्हता. डॉक्टर त्यांना जवळजवळ उपाशी ठेवीत, कारण कर्बोदके न देणे एवढाच आयुष्य काही महिने लांबविण्याचा मार्ग होता. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाच्या अर्कावर प्रयोग सुरू केले. मॅक्लिऑड यांची प्रयोगशाळा होती आणि कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचण्यात आले. वजन अवघे तीस किलोंच्या आत आलेला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि इन्सुलिनचे पेटंट संशोधकांनी प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठास देऊन टाकले. थर्मास घेऊन आलेल्या त्या माउलीला इन्सुलिनची एकेक बाटली मिळविण्यासाठी काय करावे लागते हे पाहिल्यावर त्या एका डॉलरची आठवण आम्हांस पुन्हा पुन्हा होते.

इन्सुलिन आले, पण अन्नाची बंधने लगेच सुटली नाहीत. सकाळ-संध्याकाळ ठरावीक मात्रा टोचायची आणि मग त्या मात्रेला पुरेल तेवढे, त्या वेळेलाच खायचे, अशी पद्धत दीर्घकाळ चालली. अमेरिका व कॅनडा येथे १,४४१ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांची हानी मोठ्या प्रमाणात टळते हे त्याने दाखविले. त्या अभ्यासात आहार सांभाळण्याच्या ज्या पद्धती वापरल्या गेल्या त्यांत कर्बोदक मोजणीही होती, आणि पुढे ती जगभर रुजली. तिचे सूत्र साधे आहे. ताटातील कर्बोदके किती ग्रॅम आहेत ते मोजा आणि त्या प्रमाणात जेवणापूर्वी इन्सुलिन घ्या. समजा, डॉक्टरांनी एखाद्याला दर १५ ग्रॅम कर्बोदकांस एक युनिट असे प्रमाण ठरवून दिले. तर ६० ग्रॅमच्या जेवणास चार युनिट लागतील. हे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असते, त्याच व्यक्तीचे सकाळी एक आणि रात्री दुसरे असू शकते, आणि वाढत्या वयात ते बदलत जाते. ते डॉक्टरांनीच ठरवावयाचे. आम्ही दिलेला आकडा केवळ उदाहरणाचा आहे, कोणी तो उचलू नये. ज्यांना अद्याप दोन वेळचे मिश्र इन्सुलिनच दिले जाते त्यांनाही मोजणीचा उपयोग आहे. त्यांनी मात्रा बदलावयाची नसते, तर रोजच्या त्या त्या जेवणात कर्बोदके जवळपास सारखी राहतील एवढे पाहावयाचे असते.

सूत्र कळले, पण भाकरीत किती ग्रॅम? शहरातील पुस्तकांत पावाचे काप असतात, आमच्या स्वयंपाकघरात परात आणि तवा. तेव्हा एका रविवारी भाजीवाल्याकडे असतो तसा एक काटा आम्ही स्वयंपाकघरात नेला. स्वयंपाकीण मावशींना ते आवडले नाही. “तीस वर्षं भाकरी थापतेय, आता माझ्या हाताला तराजू लावता का?” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे आम्हांस पटलेही. पण मग आम्ही त्यांनी मळलेले दहा उंडे एकेक करून काट्यावर ठेवले. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान उंड्यात पाच ग्रॅमचाही फरक निघाला नाही. त्या दिवसापासून तो काटा मावशींचा झाला. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालत नाही.

त्या रविवारपासून पुढे महिनाभर जे मोजले, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांशी जे ताडून पाहिले, ते येथे देतो. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. आमची भाकरी साठ ग्रॅम पिठाची, म्हणजे एका भाकरीत चाळीसेक ग्रॅम. गव्हाच्या पिठाचे प्रमाण थोडेसेच कमी. तीस ग्रॅम कणकेची एक पोळी म्हणजे वीस ग्रॅम. म्हणून एक भाकरी आणि दोन पोळ्या हिशेबाला सारख्याच. ‘ज्वारीची भाकरी कितीही चालते’ हा समज आपल्याकडे फार पसरला आहे; तिच्यातील तंतूंमुळे साखर हळू चढते हे खरे, पण चढते. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात २८ ग्रॅम कर्बोदके. आमच्या भोजनगृहातील सपाट वाटीभर भात म्हणजे तीस ग्रॅम. याचा अर्थ भात हा शत्रू नव्हे. एका वाटीचा भात भाकरीपेक्षा कमीच भरतो. घोटाळा होतो तो भाताची वाटी न राहता डोंगर होतो तेव्हा. वाटीभर वरणात, ते किती दाट यावर, बारा ते पंधरा ग्रॅम. मटकीची उसळही साधारण तेवढीच. पिठल्याच्या वाटीत बेसन वीस ग्रॅम धरले तर अकरा-बारा. बशीभर पोह्यांत पंचेचाळीस, म्हणजे सकाळची ती ‘हलकी’ न्याहारी एका भाकरीहून जड. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टच आहे, कोरड्या शंभर ग्रॅममध्ये ८५ च्या वर. पेलाभर दुधात दहा. सोललेल्या शंभर ग्रॅम केळ्यात बावीस-तेवीस. मेथी, पालक, वांगी, दोडका, गवार यांच्यात इतके थोडे की नेहमीच्या वाढीला ते मोजत नाहीत. अंडे, मटण, मासळी यांत कर्बोदके नसल्यासारखीच. पण रस्सा दाट करायला पीठ किंवा बटाटा घातला असेल तर तो धरावा. शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा यांना हिशेबात फारसे स्थान नाही, याचा मुलांना विशेष आनंद झाला.

एवढे झाल्यावर दुपारचे ताट असे दिसू लागले : एक भाकरी, अर्धी वाटी भात, वाटीभर वरण, पोटभर पालेभाजी, एक अंडे. चाळीस, पंधरा आणि तेरा मिळून अडुसष्ट. पंगतीत तिच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या मुलींनी ही बेरीज तिच्याआधी करण्याची पैज लावायला सुरुवात केली. गणिताच्या शिक्षकांनी गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा त्या वर्षी याच ताटावर शिकविला.

हे सर्व चालू असताना आम्हांस संयुत्त निकायातील कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आठवली. राजा द्रोणभर तांदळाचा भात जेवत असे. असाच एकदा भरपेट जेवून, धापा टाकीत तो तथागतांच्या भेटीस आला. तथागतांनी त्याला अन्नातील मात्रेविषयी एक गाथा सांगितली. राजाने जवळ उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणास ती पाठ करावयास लावली आणि आपण जेवायला बसू तेव्हा ती म्हणावयाची असे सांगून त्याला रोज शंभर कार्षापणे ठरवून दिली. राजा हळूहळू उतरत उतरत नाळीभर भातावर स्थिरावला आणि अंगाने हलका झाला. वाचकांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. राजाला भात सोडावयास कोणी सांगितले नव्हते. बदलले ते माप. आणि राजाला स्वतःचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने शेजारी आठवण करून देणारे एक माणूस ठेवले. आमच्या मुलीला ते काम करणाऱ्या दोघी फुकट मिळाल्या.

सर्व काही सुरळीत झाले असे मात्र नाही. त्या वर्षीच्या सहामाही परीक्षेच्या वेळी, पेपरच्या शेवटच्या तासात ती मुलगी पेन हातात धरून नुसती बसलेली आम्ही पाहिली. उत्तरपत्रिकेवर एकाच ओळीत एकच शब्द चार वेळा लिहिला होता. विचारले तर तिने तुटक, उर्मट वाटावे असे उत्तर दिले. आम्ही तिला रागावलो. शेजारच्या बाकावरील मुलगी उठून म्हणाली, “सर, तिला घाम आलाय.” तेव्हा कळले. साखर मोजली ती ५२ भरली. सकाळी परीक्षेच्या भीतीने तिने इन्सुलिन घेऊन न्याहारी अर्धीच टाकली होती.

इन्सुलिन वा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी हे ठाऊक असले पाहिजे. साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, भूक लागते. आणखी उतरली की माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, दारू प्यायल्यासारखा दिसतो. अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे सपाट तीन चहाचे चमचे, पाण्यात घालून लगेच द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. चॉकलेट वा पेढा देऊ नये, त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून तत्काळ दवाखाना गाठावा. त्या दिवसानंतर प्रत्येक वर्गशिक्षकाच्या खणात ग्लुकोजची पुडी आली. त्या मुलीची क्षमा आम्ही भर वर्गात मागितली.

आता आपल्या मोठ्या मंडळींकडे वळू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. भारतीयांच्या आहारातील साठ टक्क्यांहून अधिक ऊर्जा कर्बोदकांतून येते. ‘पण आमच्यात कोणी लठ्ठ नाही’ असे पालक सांगतात. याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता आणि बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा पुष्कळच कमी. पण कमी होते ते स्नायू आणि अवयव. चरबी त्यामानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीयुक्त, अशी ही बाळे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिकांनी स्वतःची आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांची तुलना छापली : उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के. अर्धपोटी राहिलेल्या आईच्या गर्भात जे शरीर काटकसर शिकते, त्याला पुढे बैठे काम आणि भरपूर धान्य मिळाले की ते पेलवत नाही, असा याचा अर्थ लावला जातो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या आमच्या आयाबहिणींचा विचार या संदर्भात मनात आल्यावाचून राहत नाही. त्यांची मुले आज कचेऱ्यांत खुर्चीवर बसतात, आणि त्याचा आम्हांस अभिमानच आहे. पण त्यांनी तिशीनंतर साखर तपासून घ्यावी, पोट सपाट असले तरी. उपाशीपोटी १२६ वा अधिक, अथवा मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी ६.५ टक्के वा अधिक आली, आणि दुसऱ्यांदा तपासूनही तशीच राहिली, तर मधुमेह निश्चित होतो.

दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाने प्रत्येक ग्रॅम मोजण्याची गरज बहुधा नसते. पण एक आठवडा तरी मोजून पाहावे असे आम्ही आग्रहाने सांगू. आमच्या एका सहकाऱ्यांनी पाहिले. भात सोडून दोन वर्षे झाली तरी त्यांची साखर उतरत नव्हती. हिशेब केला तेव्हा दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे पन्नास ग्रॅम, दुधाचे वेगळेच. सोडलेला भात चहाच्या वाटेने परत आला होता. गुळाचा चहा करणाऱ्यांनीही समाधान मानू नये. गूळ आणि साखर यांत या हिशेबापुरता फरक नाही म्हटले तरी चालेल. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाग डाळ, उसळ, अंडे वा मासळीचा आणि उरलेला पाव भाग भाकरी किंवा भाताचा, एवढे पाळले तर काट्याशिवायही बरेच साधते. भाकरी आणि भात दोन्ही हवे असतील तर दोन्ही निम्मे घ्यावे.

उपोसथ पाळणाऱ्या उपासक-उपासिकांनी आम्हांस वारंवार विचारले आहे, म्हणून लिहितो. मध्यान्हीनंतर न जेवण्याचे शील घेताना इन्सुलिन किंवा गोळ्यांची मात्रा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. आणि साखर उतरल्यास शीलभंगाच्या भीतीने थांबू नये. विनयात आजारी भिक्खूला तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच भैषज्ये अवेळीही घेण्याची अनुज्ञा आहे.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता हे सर्वांना माहीत आहे, पण त्याचा अर्थ काय याचा विचार क्वचितच होतो. घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र त्या काळी नव्हते. लघवीच्या तपासणीवरून अदमास बांधावा लागे. पायांच्या वेदना आणि निद्रानाश यांनी ते हैराण होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला, तेव्हा घटनेचा मसुदा सादर होऊन दोन महिनेही लोटले नव्हते, आणि घटना समितीत त्यावरील कलमवार चर्चा पुढे व्हावयाची होती. माईसाहेबांनी त्यांच्या पथ्यपाण्याची शिस्त लावली. बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड आपण वाचतो, तशी त्या पथ्यपाण्याचीही आठवण ठेवावी असे आम्हांस वाटते.

आमच्या विद्यार्थिनीकडे परत येतो. दिवाळीच्या सुट्टीत ती आईवडिलांकडे कोपीवर जाई. तेथे वीज नाही, फ्रिज नाही. मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात लहान मडके, आणि मडक्यात इन्सुलिनची बाटली; वरून ओले फडके. उन्हापासून राखली तर उघडलेली बाटली महिनाभर टिकते. काटाही नव्हता, म्हणून भोजनगृहातील एक वाटी तिने अधीक्षकांना विचारून सोबत नेली. आईच्या भाकऱ्या मावशींच्या भाकऱ्यांपेक्षा मोठ्या निघाल्या. तिने हिशेब करून पाऊण भाकरी आपली ठरविली आणि उरलेली पाव धाकट्या भावाला देऊ लागली.

१४ एप्रिलला आमच्याकडे गव्हाची खीर असते. पहिल्या वर्षी ती खिरीकडे न पाहता उठून गेली होती. दुसऱ्या वर्षी आदल्या दिवशीच तिने मावशींना पातेल्यात गहू किती, गूळ किती आणि दूध किती पडणार ते विचारून घेतले, किती वाट्या होतील त्याने भागले, आणि एका वाटीला चाळीस ग्रॅम असा आकडा काढला. एक भाकरी. दुपारी ती भाकरीशिवाय बसली : खीर, भाजी, उसळ. दोन तासांनी साखर मोजली ती १६४ आली. डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेच्या आत.

ती आता शाळेतून बाहेर पडली आहे. तिचे नाव येथे देत नाही, ते सांगावयाचे की नाही हे तिने ठरवावे. स्वयंपाकघराच्या दारामागे तिच्या हस्ताक्षरातील तक्ता अजून लावलेला आहे. मागील वर्षी या आजाराचा आणखी एक मुलगा पाचवीत आला. त्याच्या आईने प्रवेश अर्ज भरतानाच विचारले की याला जेवायला कुठे बसवणार. कार्यालयात डबे न्यायला आलेल्या मावशी मागे उभ्या होत्या. “सगळ्यांत,” त्या म्हणाल्या, आणि मुलाला भाकरी जास्त आवडते की पोळी ते विचारू लागल्या. ज्या पालकांना तो तक्ता हवा असेल त्यांनी स्वयंपाकघरातून उतरवून घ्यावा. खपली गव्हाच्या लापशीचा आकडा त्यात चुकलेला होता, तो या जूनमध्ये दुरुस्त केला आहे.